तेहतीस आणि चौतीस

“ही दोन नावं अशी एकाखाली एक नका लिहू, बाई,” हेंद्रे सर म्हणाले.

मी निळ्या शाईने नववीचा कॅटलॉग लिहीत होते. कॅटलॉग म्हणजे हजेरीपट, पण आमच्या शाळेत त्याला हजेरीपट म्हणणारा माणूस फक्त तपासणीच्या दिवशी यायचा. तेहतीस नंबरवर ‘ढवळे इंदुमती सोपान’ लिहून झालं होतं. चौतीस नंबरवर ‘ढवळे रंजना’पर्यंत मी आले होते, सोपान तेवढा राहिला होता.

“का बरं?” मी विचारलं.

“इंदू नापास आहे. नापासांची नावं शेवटी जातात. आधी मुलगे, मग मुली, मग ही मंडळी. मागचे दोन बाक त्यांचे.”

“असा नियम आहे का?”

“नियम नाही. पद्धत आहे.”

‘पद्धत’ हा शब्द त्या वर्षी माझ्या कानाला फार खुपायचा. मी चोवीस वर्षांची होते. साताऱ्याला बी.एड. झालं होतं, पहिला वर्ग मिळाला होता, आणि कुरणवाडीसारख्या माणदेशातल्या आडगावी वर्गशिक्षिका म्हणून माझं ते पहिलंच वर्ष होतं. जगातल्या सगळ्या पद्धती मोडायलाच आपला जन्म झालाय, अशी माझी तेव्हा प्रामाणिक समजूत होती. हेंद्रे सरांची मराठी शिकवण्यात सत्तावीस वर्षं गेली होती. त्यांचे धोतराचे दिवस संपून पायजम्याचे आले होते, आणि वाद घालायचा त्यांना कंटाळा होता. हे मला फार सोयीचं पडायचं.

“सर, एकदा नापास झालं म्हणून वर्षभर शेवटच्या नंबरवर उभं करायचं? रोज आठ तास, आठ वेळा सगळ्यांच्या शेवटी नाव घ्यायचं? म्हणजे कपाळावर शिक्का मारण्यासारखंच झालं की. मी पाचही नापासांची नावं अकारविल्हे घातलीत. जो जिथं येईल तिथं.”

“ते बाकीच्या चौघांचं ठीक आहे. पण इंदू-रंजना बहिणी आहेत. धाकटी वर्गात पहिली आली आणि थोरली नापास होऊन तिच्या वर्गात आली. तुम्ही नंबराप्रमाणे बसवणार म्हणे?”

“हो.”

“म्हणजे एका बाकावर.”

“चांगलंच आहे ना! धाकटी थोरलीला मदत करील.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “दोघींना एकदा विचारून बघा,” ते म्हणाले.

“हजेरीपटाचं पोरींना काय विचारायचं, सर?” असं म्हणून मी हसले आणि ‘सोपान’ लिहून टाकलं.

हा शनिवार होता. सोमवारी शाळा उघडायची होती. तो सोमवार माझ्या वहीत मिनिटामिनिटाने लिहून तयार होता. पाठाचं टाचण काढायची सवय बी.एड.ने लावली होतीच, मी अख्ख्या दिवसाचंच टाचण काढलं. अकरा वाजता प्रार्थना. अकरा वीसला वर्गात प्रवेश, मुलांना नंबराप्रमाणे बसवणे. अकरा पस्तीसला ओळख. प्रत्येकाने आपलं नाव, गाव आणि ‘मला चांगली येणारी एक गोष्ट’ सांगणे. बारा पाचला फळ्यावर एक सोपं उदाहरण. ते कोणी सोडवायचं, हेसुद्धा मी लिहून ठेवलं होतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, असा सगळा थाट होता.

पण हा थाट नुसत्या हौसेचा नव्हता. तो सगळा दिवस मी इंदूसाठी आखला होता, आणि त्याला कारण तिचे वडील.

सोपान ढवळे गुरुवारीच शाळेत येऊन गेले होते. ते घोंगड्या विणायचे. बोटांच्या पेरांत लोकरीचा तेलकट वास मुरलेला, सदऱ्याच्या बाह्यांवर चिंचोक्याच्या खळीचे वाळके डाग. इंदू त्यांच्या मागे दाराशी उभी होती. उंच, हाडापेराने मोठी, मान खाली.

“हिचा दाखला पायजे, बाई.”

“का?”

“नापास झाली न्हवं. आता काय करायचंय? घरात हिच्या आईची मनगटं गेली. चरख्यावर बसाय कोन न्हाई. मी मागावर बसू का सूत कातू?”

“धाकटीलाही काढताय का?”

“रंजीला? छ्या! ती हुशार है. तिला शिकू द्या. पर एक तर घरी पायजेच, बाई. दोघी साळंत म्हनल्यावर माग बंद करावा लागंल.”

मी मग बोलले. मी बोलायला लागले की त्या काळी मलाच माझा अभिमान वाटायचा. नापास होणं म्हणजे गुन्हा नाही, एका परीक्षेवरून पोरीचं आयुष्य ठरवू नका, उद्या तिचं लग्न झाल्यावर पश्चात्ताप होईल, वगैरे. सोपानरावांनी सगळं उभ्याने ऐकून घेतलं. मी खुर्ची दाखवली तरी ते बसले नाहीत. बोलता बोलता मी इंदूकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाणी बघून मला दहा हत्तींचं बळ आलं.

“एक दिवस बसू द्या तिला,” मी म्हणाले. “फक्त सोमवार. पाच वाजता तुम्ही या. ती ‘नको’ म्हणाली तर दाखल्याचा अर्ज मी माझ्या हाताने लिहून देईन.”

“आन् व्हय म्हनली तर?”

“तर ती शाळेत.”

“मग चरख्यावर कोन?”

“ते तेव्हा बघू की!”

बाई एवढं बोलतायत तर माणसाने किती नाही म्हणायचं, असा चेहरा करून ते म्हणाले, “बरं. एक दिवस. पर तुमचा शब्द ऱ्हायला, बाई. पाच वाजता काय ते ठरायचं.”

म्हणजे काय पणाला लागलंय हे मला स्वच्छ ठाऊक होतं. सोमवारच्या सहा तासांत इंदूला शाळा हवीशी वाटली पाहिजे. तिला कोणी हसता कामा नये, तिच्यावर कोणी बोट ठेवता कामा नये, आणि एकदा तरी तिला सगळ्या वर्गासमोर काहीतरी जमलं पाहिजे. मी बाकीच्या शिक्षकांना भेटून बजावलं होतं की नववीत पहिल्या दिवशी निकालाचा विषय काढायचा नाही. नवी पुस्तकं आणि जुनी पुस्तकं असा फरक दिसू नये म्हणून पुस्तकपेढीतली जुनी पुस्तकं मी निम्म्या वर्गाला आधीच वाटून टाकली होती. ज्यांच्या घरी नवी घ्यायची ऐपत होती त्यांनाही दिली. त्यावरून एका पालकाशी माझं भांडण झालं. मला त्याचं काही वाटलं नाही.

सोमवारी सगळं टाचणाप्रमाणे सुरू झालं. ऊन मी म्हणत होतं. शाळेच्या पत्र्याखाली त्रेचाळीस पोरं नंबराप्रमाणे बसली. पहिले सव्वीस मुलगे, सत्तावीसपासून मुली. मुलींच्या रांगेतल्या चौथ्या बाकावर तेहतीस आणि चौतीस. रंजना थोरलीच्या खांद्याएवढी होती. दोन वेण्या, लाल रिबिनी, तरतरीत नाक. इंदू भिंतीकडच्या टोकाला, शक्य तितकी लहान होऊन बसली होती. पण तिचं अंग तिला लहान होऊ देत नव्हतं.

हजेरी झाली. “तेहतीस?” “हजर.” “चौतीस?” “हजर.” मागे कोणीतरी फिसकन हसलं. मी नजर वर केली तसं ते थांबलं. पहिलं पाऊल तर निर्विघ्न पडलं, असं मी मनात म्हणाले.

मग ओळख सुरू झाली. कोणाला पोहता येत होतं, कोणाला हलगी वाजवता येत होती. एकाला डोळे मिटून सायकल चालवता येत होती, त्याला मी तसं करू नकोस म्हणून सांगितलं. इंदूची पाळी आली. ती उठली. बाकाची कड धरून उभी राहिली. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

“मला सूत काढता येतं,” ती म्हणाली.

“कसलं सूत?”

“लोकरीचं. काळ्या लोकरीचं बारीक निघत न्हाई, तुटतं. मला निघतं. आईला पन एवढं बारीक येत न्हाई. पिंजताना कुसळं नीट काढली की निघतं. आन् हात ढिला सोडायचा. वढायचं न्हाई, त्याला येऊ द्यायचं.”

ती हे बोलत होती तेव्हा तिची मान वर होती. बोटांनी ती हवेत ते सूत ओढूनही दाखवत होती. सगळा वर्ग तिच्या बोटांकडे बघत होता. मला आनंदाचं भरतं आलं. पोरीला वर्गात तोंड फुटलं! माझी योजना सफल झाली! त्या वेळी मला एवढंच कळलं.

“शाब्बास!” मी म्हणाले. “आता तू, रंजना.”

रंजना उठली. वर्गात पहिली आलेली पोर. वक्तृत्वाची ढाल तिच्या नावावर, पाढे तिसापर्यंत पाठ, सकाळची प्रार्थना सांगणारी. ती समोर फळ्याकडे बघत म्हणाली, “मला काय येत न्हाई.”

पोरं हसली. मीही हसले. “अगं, तुला नाही येत तर कोणाला येतं? बरं, विनय पुरे. बैस.”

बारा पाचला मी फळ्यावर साधं समीकरण लिहिलं. पुस्तकातल्या पहिल्याच सरावसंचातलं तिसरं उदाहरण. इंदूने ते गेल्या वर्षी नक्कीच सोडवलेलं असणार, म्हणून तेच निवडलं होतं. मी तिला फळ्याजवळ बोलावलं. ती आली, खडू घेतला, डावीकडची संख्या उजवीकडे नेली आणि तिथंच थांबली. तिने एकदा मागे वळून आपल्या बाकाकडे पाहिलं. रंजनाने मान खाली घातली होती.

“येतंय तुला. पुढचं लिही.”

ती लिहीना. खडूचा एवढासा तुकडा तिने बोटांत कुस्करून टाकला. आता मला काहीतरी करणं भाग होतं. टाचणात याच्यापुढे काही लिहिलेलं नव्हतं.

“रंजना, तू सांग. ताईला मदत कर.”

रंजना उठली. “मला न्हाई येत, बाई.”

“तुला हे येत नाही?”

“न्हाई.”

आता वर्ग मोठ्याने हसला. पहिल्या नंबरला येत नाही म्हणजे गंमतच! एक पोरगा म्हणाला, “नापासाशेजारी बसली आन् वाण न्हाई पण गुण लागला!” मी त्याला उभं केलं. इंदू जागेवर जाऊन बसली. दोघी बहिणी एका बाकावर, दोन टोकांना, मधे हातभर जागा. उरलेलं समीकरण मी स्वतःच सोडवलं.

मधल्या सुट्टीत रंजना शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. खोलीत मी होते, आणि कोपऱ्यात डबा सोडून बसलेले हेंद्रे सर होते.

“बाई, इंदीला माझ्याशेजारी नका बसवू.”

“का गं? बहीणच आहे ना? का लाज वाटते तिची?”

हे मी बोलले. पोरीचा चेहरा कसा झाला ते आजही आठवतं.

“लाज न्हाई, बाई. मी शेजारी असले की तिला येतं ते पन येत न्हाई. घरी ती गणित घ्यायची आन् मी मदीच उत्तर सांगायची. अण्णा हसायचे. म्हनायचे, बघ, धाकटी पुढं गेली. मग ती पाटी ठेवून चरख्यावर जाऊन बसायची. सारखं सारखं झालं. म्हनून ती नापास झाली.”

“तुझ्यामुळे?”

“मग कुनामुळं?”

मी काही बोलायच्या आत तीच पुढे म्हणाली, “मी घरी बसते. एक तर बसायचीच है. मी बसले की तिच्याशेजारी कुनी न्हाई. मग तिला येईल.”

“वेडी आहेस का? पहिली आलेली मुलगी घरी बसते होय? नापास झालेली शाळेत यावी म्हणून मी धडपडतेय, आणि तू निघालीस! कोणीही घरी बसायचं नाही. मी बोलते अण्णांशी.”

“अण्णा म्हनले एक तर पायजेच.”

“बघू म्हटलं ना. जा, डबा खा.”

“मग बाक?”

मी कॅटलॉगकडे पाहिलं. निळी शाई, सरळ रेघा, एकही खाडाखोड नाही. शनिवारी मुख्याध्यापकांनी तो हातात घेऊन “वा” म्हटलं होतं. आणि कोपऱ्यात हेंद्रे सर होते.

“पुढच्या महिन्याची नावं लिहिताना बदलू,” मी म्हणाले. “परवाच लिहिलाय नवीन. एवढं काय अडलंय?”

ती गेली. हेंद्रे सरांनी डबा बंद केला, हात धुऊन आले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “नापास पोराला दुसरं काही नको असतं, बाई. फक्त मागं कोणी बसलेलं नको असतं. पाठीवर नजरा नकोत, एवढंच. म्हणून शेवटी घालायचो.”

“हे शनिवारी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही नियम विचारलात,” ते म्हणाले आणि आठवीच्या तासाला निघून गेले.

मला राग आला. राग आला की मला काम सुचतं. दुपारच्या तासांना मी तीन वेळा काही ना काही निमित्त काढून वर्गावर चक्कर मारली. इंदू जागेवर होती, कोणी हसत नव्हतं, भूगोलाच्या तासाला तिने नकाशाही काढला. पाच वाजेपर्यंत मी स्वतःची पुरती समजूत घालून घेतली होती की सकाळी फळ्याजवळ जरा अडखळलं, तेवढं सोडलं तर दिवस उत्तम गेला.

पाचला घंटा झाली तेव्हा सोपानराव फाटकाशी कडुलिंबाखाली उभे होते. टोपी हातात, कपाळावर घाम. पोरं त्यांच्या अंगावरून ओरडत निघून गेली. मी दोघींना घेऊन त्यांच्याकडे गेले.

“बोला बाई, काय ठरलं?” ते म्हणाले, आणि मग त्यांनी तिला सरळच विचारलं, “इंदे, बसायचं का तुला साळंत?”

इंदूने तोंड उघडलं. मी ते पाहिलं. शपथेवर सांगते, मी पाहिलं की ती बोलणार आहे. पण ती सकाळच्या त्या फळ्यावरून काहीबाही बोलून बसेल, घाबरून ‘नको’ म्हणेल, अशी मला धास्ती वाटली. एवढ्याशासाठी सगळं फुकट जायचं!

“तिला बसायचंय,” मी म्हणाले. “तिला शिकायचंय, सोपानराव. आज सगळ्या तासांना बसली. वर्गासमोर उभं राहून बोलली सुद्धा. तिने स्वतः सांगितलंय मला.”

शेवटचं वाक्य खोटं होतं. पण चांगल्या कामासाठी बोललेलं खोटं चालतं, असं आपल्याला लहानपणापासून कोणीतरी शिकवलेलं असतंच.

“बरं,” सोपानराव म्हणाले. “मग आता चरख्याचं काय?”

“त्याचं आपण…” मी सुरुवात केली.

“मी येते, अण्णा,” रंजना म्हणाली. “मी बसते चरख्यावर.”

“तू?”

“मला साळंचा कटाळा आलाय.”

“आगं, पयली आलीस न्हवं तू?”

“म्हनूनच कटाळा आला.”

सोपानराव माझ्याकडे बघायला लागले. मी रंजनासाठी बोलले, पुष्कळ बोलले. हुशार मुलगी, दहावीला केंद्रात पहिली येईल, सरकारी नोकरी लागेल. त्यांनी गुरुवारसारखंच सगळं उभ्याने ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, “बाई, मी एकीचं म्हनलो व्हतो. कुठली एक, ते तुमच्यावर सोडलं. आता ही शिकायचं म्हंती आन् ती नको म्हंती. नको म्हंती तिला डांबून ठिवू, आन् शिकती म्हंती तिला घरी नेऊ? माझं डोकं काय फिरलंय का?”

त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते. ते रंजनाला घेऊन निघाले. तिने मागे वळून पाहिलं नाही, दप्तरही वर्गातच राहिलं.

ते आणायला इंदू परत वर्गात गेली आणि मी तिच्या मागोमाग गेले. तिने बाकावरून रंजनाचं दप्तर उचललं. आतली पुस्तकं नीट लावली, बंद बांधले. मग माझ्याकडे बघून, दिवसभरात पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघून, ती म्हणाली, “बाई, मला घरीच बसायचं व्हतं.”

तिने दप्तर खांद्याला लावलं.

“मला चरखा आवडतो. मला मागावर पन बसायचंय. अण्णा म्हनले व्हते, दाखला आनला की दिवाळीपातूर माग शिकिवतो. बायकांना कुनी मागावर बसवीत न्हाई आमच्यात. मला बसिवनार व्हते.”

“मग गुरुवारी रडत का होतीस?”

“तुम्ही दाखला द्यायना म्हनून.”

“आणि आत्ता? आत्ता अण्णांनी विचारलं तेव्हा का नाही बोललीस?”

“तुम्ही बोललात न्हवं,” ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. काय झालं ते तिने सांगितलं, एवढंच. मी तिचा हात धरला आणि म्हणाले, “चल.” माझ्या चपलेचा अंगठा तुटलेला होता, तशीच फरपटत निघाले. उजेड अजून पुष्कळ होता. ढवळ्यांचं घर गावाच्या खालच्या अंगाला होतं. वाटेत चार माणसांनी ‘कुठं निघालात, बाई?’ विचारलं, मी एकालाही उत्तर दिलं नाही. थोरलीला घरी बसायचंय, हुशार धाकटीला शाळेत यायचंय, बापाला एकच घरी हवीय. सगळ्यांच्या मनासारखं होण्यासारखं होतं. गाठ सुटण्यासारखी होती. नुसतं जाऊन सांगायचं होतं.

सोप्यात माग होता. त्याच्या पुढ्यात जमिनीत खड्डा, आणि त्यात पाय सोडून सोपानराव बसले होते. भिंतीशी चरख्यावर रंजना होती. लाल रिबिनी तशाच, अंगावर शाळेचाच झगा. तिच्या हातातलं सूत जाड, गाठीगाठीचं येत होतं आणि हातभर निघालं की तुटत होतं. आई पलीकडे सुजलेली मनगटं मांडीवर ठेवून ते बघत होती.

“इंदू, सांग,” मी म्हणाले.

“अण्णा, मला घरी बसायचंय,” इंदू म्हणाली. “रंजीला जाऊ द्या साळंत. मला न्हाई शिकायचं.”

आडवं सूत नेणाऱ्या धोट्यावर सोपानरावांचा हात थांबला. त्यांनी एकदा इंदूकडे पाहिलं, एकदा रंजनाकडे. मला वाटलं, झालं. सुटली गाठ.

पण रंजना चरख्यावरून उठली. “खोटं बोलतीय ती,” ती म्हणाली.

“न्हाई गं, खरंच…”

“माझ्यासाठी बोलतीयस तू. मी घरी बसाय लागले म्हनून.” तिचे डोळे भरून आले होते. “मला कळत न्हाई व्हय? फाटकापाशी का न्हाई म्हनलीस मग? तवा गप उभी राहिलीस, आन् आता मी चरख्यावर बसलेली बघून तुला दया आली. मी तुझ्यामुळं साळा सोडली न्हाई. मला कटाळाच आलाय.”

“रंजे, देवाची आण घेऊन सांगते. मला चरखाच…”

“आन् बाईंना काय सांगितलंस?” रंजना माझ्याकडे वळली. “बाई, तुम्हीच म्हनलात न्हवं अण्णांना? तिनं सोताहून सांगितलंय, तिला शिकायचंय, म्हनून?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सोपानराव, त्यांची बायको, इंदू. सोपानरावांच्या नजरेत संशयाचा मागमूसही नव्हता. बाई बोलल्या म्हणजे ते खरंच असणार, आता पुन्हा एकदा सांगतील आणि विषय मिटेल, अशा भरवशाने ते थांबले होते.

‘मी तिला विचारलंच नव्हतं.’ एवढे चार शब्द होते. पुढे मी एकतीस वर्षं शिकवलं. एवढ्या वर्षांत लाखो शब्द बोलले असेन, आणि त्यातले कित्येक वाया गेले असतील.

“हो,” मी म्हणाले. “म्हणाली होती ती.”

इंदूने रंजनाचं दप्तर खुंटीला अडकवलं. रंजना परत चरख्यावर बसली आणि तुटलेलं टोक शोधायला लागली. सोपानराव बायकोला म्हणाले, “बाई पयल्यांदाच घरी आल्यात, च्या टाक.”

चहा झाला. मी तो पिऊन घरी आले.